चपला घालूनच आत यावे

आमच्या घरात चप्पल ही परगावी जायची वस्तू होती. लग्नकार्य असलं, तहसीलमध्ये काम असलं, की आबा पत्र्याच्या वळचणीला अडकवलेली जोडी काढायचे, एकमेकीवर आपटून धूळ झाडायचे आणि परत आल्यावर पुन्हा तिथंच अडकवायचे. बाकी सगळं आयुष्य अनवाणी. आबा म्हणजे माझे वडील. ते आणि माय, दोघंही जळकोटात आणि आसपासच्या गावांत स्लॅबच्या कामाला जायचे. ज्याच्या घराचा स्लॅब, तो त्या दिवशी गँगला जेवण द्यायचा. माय तिथं दोन घास खायची आणि उरलेलं पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. भाताला सिमेंटचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, भाताला तसाच वास असतो.

स्लॅबचं काम पायांवर होतं. शिडीवर, फळीवर माणसं ओळीनं उभी राहतात आणि मालाची घमेली हातोहात वर जातात. वर जो उभा असतो तो ओल्या काँक्रीटमध्येच उभा असतो. ओलं सिमेंट पाय खातं. माय दोन्ही पायांना खताच्या पिशव्या सुतळीनं बांधायची, तरी संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत भेगा पडलेल्या असायच्या. त्यात खोबरेल भरताना ती तोंडातून नुसती हवा ओढायची. आबांनी कधी पिशव्या बांधल्या नाहीत, कधी खोबरेल मागितलं नाही.

मे महिन्यात स्लॅबच्या सळयांची जाळी तव्यासारखी तापते. आबा तिच्यावरून अनवाणी चालत जायचे. मुकादम नव्या माणसाला दाखवायचा, "बघून घे. ह्या गड्याला चटका म्हणून लागत न्हाई. पाय न्हाईत ते, धोंडे हायत." आबा मिशीत हसायचे. घरी चूल विझवताना एकदा निखारा उडून त्यांच्या पायावर पडला. माय ओरडली, तेव्हा त्यांनी तो सावकाश झटकला. ही गोष्ट आमच्या गल्लीत कितीतरी दिवस पुरली. शाळेत कुणाच्या बापाकडं मोटारसायकल होती, कुणाच्या बापाकडं बोअर होता. माझ्या बापाकडं पाय होते. मी ते सगळ्यांना सांगायची.

आम्ही ज्याला ताकद समजत होतो तो आजार होता. आणि तो ओळखला एका चपलेनं. म्हणजे खरं तर डॉक्टरांनी, पण चपलेवरून.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लोखंडी फाटक, मग लांबलचक अंगण, मधे कडुलिंब, आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला डॉक्टरांची खोली. खोलीचं दार कायम सताड उघडं आणि डॉक्टरांची खुर्ची बरोबर दारासमोर. तालुक्यातल्या बाकी सगळ्या दवाखान्यांत पाटी असते, चपला बाहेर काढा. ह्यांच्या फाटकावर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, 'चपला घालूनच आत यावे. हातात घेऊन येणाऱ्यास परत पाठवले जाईल.'

ह्या पाटीवरून गावात नाना तर्क होते. कुणी म्हणायचं, एकदा चपला चोरीला गेल्या आणि भांडण झालं. कुणी म्हणायचं, डॉक्टर मुळातच तऱ्हेवाईक. सुई मागितली तर देत नाही, सलाईन मागितलं तर घरी जाऊन लिंबूपाणी पी म्हणतो. कंपाउंडर म्हातारा झाला होता आणि दिवसभर झाडू हातात घेऊन पुटपुटायचा, "लोकांच्या दवाखान्यात माणसं बरी होऊन जातात. आमच्या इथं निम्मं शिवार आणून टाकून जातात."

आम्ही लहानपणापासून ह्याच दवाखान्यात जायचो. गोवर, कावीळ, मायचा हात भाजला तेव्हा, सगळं इथंच. पण आबा कधी आत आले नाहीत. ते फाटकाबाहेर थांबायचे, आणि आत यायचंच नसूनही चपला काढून भिंतीला लावून ठेवायचे. आमच्या आजोबांच्या वेळी गावातून जाताना चपला हातात घ्याव्या लागायच्या. आबांच्या वेळेपर्यंत ती रीत गेली होती, पण त्यांच्या पायांतून ती गेली नव्हती. मोठं फाटक दिसलं की पाय आपोआप चपलेतून बाहेर यायचे. त्यांना ते कळायचंसुद्धा नाही.

मी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून, खरं तर आमच्या गल्लीतून, कॉलेजात गेलेली मी पहिली. सुट्टीत घरी आले तर मायला खोकला. इतका की एके दिवशी उभ्या उभ्या तिला चक्कर आली. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं आबांनी, आणि तसंच दवाखान्यात घेऊन गेलो. फाटकाशी आबा थबकले आणि चपला काढल्या.

कंपाउंडर तिथंच झाडत होता. म्हणाला, "मिस्त्री, पाटी वाचा की."

"मला कुठं वाचता येतंय."

"मग मीच वाचून दावतो. चपला घाला."

"राहू द्या. घाण हाय."

"घाण मी काढतो. तुम्ही घाला, न्हाईतर आतून माझ्या नावानं शिमगा व्हतोय."

आबांनी चपला घातल्या. आम्ही मायला धरून अंगणातून चालत गेलो, स्टुलावर बसवलं. डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावली आणि लांब श्वास घ्यायला सांगितलं. पण त्यांचं लक्ष मायकडं नव्हतं. ते आबांकडं बघत होते, कमरेच्या खाली.

"मालक," डॉक्टर म्हणाले. ते येणाऱ्या प्रत्येकाला मालक म्हणायचे. माझ्या बापाला त्याआधी कुणी मालक म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. "मालक, तुमची दुसरी चप्पल कुठंय?"

आबांनी खाली बघितलं. एका पायात चप्पल होती, एक पाय उघडा होता. आम्ही मागं वळून बघितलं. अंगणाच्या मधोमध, कडुलिंबाच्या सावलीत, त्यांची उजवी चप्पल एकटी पडली होती.

बाकावर बसलेली माणसं हसली. कंपाउंडरनं ती झाडूनंच पुढं ढकलली आणि म्हणाला, "बायकोच्या काळजीनं माणूस निम्मा मागंच राहिला." मायसुद्धा खोकता खोकता हसली. आबा ओशाळून हसले. एकटे डॉक्टर हसले नाहीत.

"चप्पल घाला आणि फाटकापर्यंत जाऊन परत या," ते म्हणाले.

आबा गेले. परत येताना ती पुन्हा निघाली, जवळपास तिथंच, आणि आबा तसेच पुढं चालत आले. ह्या वेळी मी बघत होते. चप्पल पायातून सुटली, पाय मातीवर पडला, पुढच्या पावलाला खडा आला, आणि माझ्या बापाच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. आता बाकावरचं कुणी हसत नव्हतं.

डॉक्टरांनी मायच्या पाठीवरची नळी काढली. "बाई, तुमचा खोकला घटकाभर थांबंल. ह्यांचं थांबायचं न्हाई."

आबांना खाटेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. डॉक्टरांनी कापसाची बारीक वात केली आणि म्हणाले, "मालक, मी पायाला हात लावला की हाव म्हणायचं. इतकंच काम."

मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी अंगठ्याला वात लावली. मग करंगळीला. मग तळव्याला. मग वात ठेवून बोटानं दाबलं. मग खिशातल्या पेनाच्या टोकानं. आबा डोळे घट्ट मिटून, शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते.

शेवटी आबाच म्हणाले, "मिटलेत की डोळे, सायेब. लावा आता."

मायनं माझा दंड धरला. तिची नखं अजून मला आठवतात.

मग डॉक्टरांनी तळवा उजेडाकडं वळवला. चवड्यावर सिमेंटचा, मातीचा, वर्षानुवर्षांचा थर होता, त्यात एक घट्टा. आबा म्हणाले, "कुरूप हाय ते. जुनं हाय." डॉक्टरांनी गरम पाण्यानं भिजवून तो घट्टा सोलायला घेतला आणि खालून पाणी आलं. मग पू. मग चिमट्यानं त्यांनी एक वस्तू बाहेर काढून स्टीलच्या ताटलीत टाकली. टण्ण आवाज झाला. सेंट्रिंगच्या खिळ्याचं तुटलेलं टोक होतं ते, गंजलेलं. किती दिवस आत होतं कुणास ठाऊक. आबा त्यावर चालत होते, शिडी चढत होते, स्लॅब टाकत होते.

आबांनी त्या टोकाकडं कुतूहलानं बघितलं, जणू शेजाऱ्याच्या पायातून निघालंय. "दुखत तर न्हाई," ते म्हणाले.

"तेच तर," डॉक्टर म्हणाले. "दुखलं असतं तर पहिल्या दिवशी आला असता."

बोटाला टोचून रक्त तपासलं. साखर इतकी होती की डॉक्टरांनी दुसऱ्या बोटातून पुन्हा बघितली. मग ते खुर्चीत बसले आणि आम्हाला सावकाश सांगितलं. ही साखर बऱ्याच वर्षांची. तिनं पायातली जाणीव खाल्ली. आधी कष्टानं कातडी जाड झाली होती, म्हणून चटका बसत नव्हता, ते ठीक. मग एक वेळ अशी आली की खबर लागणंच बंद झालं. "कधी बदललं ते तुम्हालाही कळलं न्हाई, गावालाही न्हाई. दुखणं म्हणजे राखणदार असतो, मालक. तुमचा झोपलाय. आता राखण डोळ्यांनी करायची."

मी वर्गात मज्जातंतूंच्या आकृत्या काढलेल्या, नावं दिलेली, मार्क मिळवलेले. पण त्या आकृत्यांचा अर्थ मला त्या दिवशी अंगणात पडलेल्या त्या चपलेकडं बघताना कळला. इतक्या वर्षांची ती पाटी, ते सताड उघडं दार, दारासमोरची खुर्ची, ते लांब अंगण. मला वाटायचं अंगण नुसतं आहे. ते अंगण म्हणजेच त्यांचा दवाखाना होता. माणूस फाटकातून टेबलापर्यंत येईस्तोवर हा माणूस त्याला वाचत होता. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तोंडानं माणूस कमीजास्त सांगतो. बायका तर कमीच सांगतात. चालताना कुणाला लपवता येत न्हाई. चपला काढल्या की माणूस जपून पाय टाकतो, मग मला काय दिसणार?" आणि लगेच कंपाउंडरवर ओरडले, की पुढचा पेशंट कुठं मेला.

आमच्यात कुणाला देव म्हणायची पद्धत नाही, आणि मीही म्हणणार नाही. देवाला म्हणे सगळं आधीच ठाऊक असतं. ह्या माणसानं रोज, प्रत्येकाकडं, नीट बघितलं होतं. मला ते जास्त मोठं वाटतं.

मायला खोकल्याच्या गोळ्या देऊन डॉक्टरांनी त्याच दिवशी आम्हाला लातूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात जखम साफ केली, एक्स-रे काढला, सलाईनमधून औषधं दिली. सर्जन चांगला माणूस होता, पण स्पष्ट बोलला. "हाडापर्यंत गेलेलं अजून दिसत नाही. पण अशी जखम भरायला पाय टेकवणं बंद करावं लागतं, आणि ह्यांना दुखत नाही. ज्याला दुखत नाही तो टेकवतोच. मग आज पंजा, उद्या घोटा. आत्ताच पुढचा भाग काढलेला बरा, असं माझं मत आहे."

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "पाय गेल्यावर मी शिडी कशी चढू?" दुसरं काही नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं, कॉलेज सोडायचं, मायबरोबर गँगमध्ये जायचं. त्या एका पायावर आमचं सगळं घर होतं आणि त्याच पायावर माझं शेवटचं वर्ष.

आमच्या डॉक्टरांना फोन लावून मी फोन सर्जनकडं दिला. ते दोघं काय बोलले ते मला एकाच बाजूनं ऐकू आलं. सर्जन म्हणाले, "सर, तुम्ही जबाबदारी घेता?" मग थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पायावर लाल रेषा वर चढली, ताप आला, तर त्याच दिवशी इथं."

जळकोटला परत आलो तेव्हा डॉक्टरांनी आधी मला विचारलं, "परीक्षा कधी?"

मी म्हणाले, "मी सोडून राहिले कॉलेज."

"तुला विचारलं काय मी? परीक्षा कधी ते विचारलं." मग मायकडं वळले. "बाई, फोनवर फोटो काढता येतो?"

मायला अक्षर येत नाही, पण मामेबहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो तिनंच काढले होते. "हाव, येतो की."

"मग रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तळव्याचा फोटो. पोरीला पाठवायचा. पोरीनं मला. नांदेडात बसून हिनं पाय राखायचा, आणि अभ्यास करायचा."

तर माझ्या शेवटच्या वर्षात, हॉस्टेलवर, बाकीच्या पोरींच्या फोनवर फुलं आणि गुलाबी ढग यायचे आणि माझ्या फोनवर माझ्या बापाचा तळवा यायचा. खोलीतली मैत्रीण आधी दचकायची. नंतर तीच विचारायला लागली, "आज आबांचा पाय आला का?" मी फोटो मोठा करून बघायची आणि पुढं पाठवायची. डॉक्टर उलट नुसता एक अंगठा पाठवायचे. कधी मजकूर आला तर तो कंपाउंडरचा असायचा, 'साहेब म्हणतात फोटो हलला. परत काढणे.'

साखरेच्या गोळ्या चालू झाल्या, मग पोटात टोचायचं इन्सुलिन. चवड्याखाली डॉक्टर जाड मऊ पट्टी कापून चिकटवायचे, जखमेच्या जागी भोक ठेवून, म्हणजे भार भोवतीनं पडावा. आबा गँगला जाईनासे झाले. मुकादमानं त्यांना सळईच्या रिंगा वळायचं काम दिलं, बसून करायचं. घमेलं उपडं घालून त्यावर उजवा पाय ठेवायचे आणि रिंगा वळायचे. "राजासारखं बसून राहिलोय," फोनवर म्हणायचे. त्यात आनंद नव्हता.

जखम आधी बिब्ब्याएवढी होती. मग भुईमुगाच्या दाण्याएवढी झाली. तळातून लालसर, ओलं, नवं मांस वर येत होतं. फोटोमागून फोटो बघताना मला वाटायचं, कुणी आत बसून स्लॅब टाकून राहिलंय, हातोहात, घमेल्यामागून घमेलं. माझ्या बापाला ह्यातलं काहीच जाणवत नव्हतं, आणि तरी ते चाललं होतं.

मग एका संध्याकाळी आलेला फोटो वेगळा होता. कडा पांढऱ्या, मधे काळसर डाग. मी पाठवला. ह्या वेळी अंगठा आला नाही, फोन आला. "आबा घरात कसे चालतात?"

मी मायला विचारलं. माय म्हणाली, "अनवाणी. घरात चप्पल कशी घालतील गं?"

डॉक्टरांनी मऊ काळ्या रबराची, मागून पट्टा असलेली चप्पल करून घ्यायला लावली होती, आपोआप निघणार नाही अशी. आबा ती बाहेर घालायचे. दाराशी आले की काढायचे. पहाटे उठून तसेच घागर भरायचे, तसेच बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभं राहून वंदना म्हणायचे. घर दगडी फरशीचं, फरशी एका कोपऱ्यात फुटलेली. त्या कोपऱ्यावरूनच फोटोकडं वाट.

मी पहिली गाडी धरली आणि कंधारवरून दुपारपर्यंत घरी आले. तोवर डॉक्टर स्वतः आमच्या घरी आले होते. आमच्या गल्लीत त्यांची जुनी गाडी बघायला निम्मी वस्ती जमलेली. दाराशी त्यांनी सवयीनं चपला काढायला पाय उचलला आणि थांबले.

"मी घालूनच येतो आत," म्हणाले. "तुम्ही घालणार असाल तर."

आबा खाटेवर बसले होते. "सायेब, तुम्ही या की. तुमचं घर हाय. पण मला सांगू नका. चुलीपाशी चप्पल, ह्या फोटोपुढं चप्पल? आमच्या बापानं लोकांच्या दारात चपला काढल्या. आम्ही आपल्या दारात काढतो, कारण हे आपलं हाय."

डॉक्टरांनी उचललेला पाय उंबऱ्याबाहेरच टेकवला. बाहेरून एक म्हातारी म्हणाली, "घरात चपला घालाय काय पाटील झालाय का त्यो?" आणि दोघी-तिघी हसल्या.

मग माय बोलली. ती चुलीपाशी उभी होती, पदर खांद्यावर ओढून. "डॉक्टरसायेब, ती चप्पल कशासाठी हाय?"

"पाय भरण्यासाठी."

"म्हंजे औषध हाय."

"हाव. गोळीपेक्षा मोठं औषध."

"मग तशीच अजून एक जोडी करा. मातीला न लागलेली."

दुसरी जोडी आली तेव्हा मायनं काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. नवी कोरी चप्पल, जमिनीला न टेकलेली, तिनं पदरानं पुसली आणि फोटोच्या खालच्या फळीवर, गोळ्यांच्या पुड्या आणि इन्सुलिन गार ठेवायच्या मडक्याशेजारी ठेवली. "औषधाची जागा ही," ती म्हणाली. सकाळी आबा उठले की ती फळीवरून जोडी काढायची, अंथरुणावरच त्यांच्या पायात घालायची, पट्टा लावायची. झोपताना पुसून पुन्हा फळीवर. त्या दिवसापासून आजपर्यंत घरातली चप्पल उंबऱ्याच्या बाहेर गेली नाही आणि बाहेरची आत आली नाही.

पहिल्या दिवशी आबा चप्पल घालून फोटोपुढं उभे राहिले. मग त्यांनी वंदना म्हटली, नेहमीपेक्षा मोठ्यानं. येणारीजाणारी माणसं विचारायची, फळीवर चप्पल कशी? माय सरळ सांगायची, "औषध हाय." कुणी हसलं तर त्याच्याकडं अशी बघायची की पुढचा चहा तो गुमान प्यायचा.

काळा डाग गेला. जखम तुरीच्या डाळीएवढी झाली, मग ज्वारीच्या कणीएवढी. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या फोटोत मी ती शोधत राहिले. मैत्रिणीनं फोन घेतला, तिनंही शोधली. तळव्यावर गुलाबी, गुळगुळीत, लहान बाळाच्या गालासारखी जागा होती आणि भोक कुठंच नव्हतं. डॉक्टरांचा अंगठा आला. त्याच्यामागून दुसरा आला. कंपाउंडरनं लिहिलं, 'साहेबांनी दोन दिले. आजवर कुणाला दिले नव्हते.'

परीक्षा आटोपून घरी आले तेव्हा आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. फाटकाशी आबा थांबले. पाय सवयीनं चपलेतून निघायला बघत होता, पण मागचा पट्टा आडवा आला. कंपाउंडर झाडू टेकवून उभा राहिला. "चला मालक," तो म्हणाला. त्यानं आबांना मिस्त्री सोडून दुसरं काही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आबा अंगणातून एकटे चालत गेले. आम्ही मुद्दाम मागं राहिलो. पलीकडं उघड्या दारात डॉक्टर, समोर कुणी पेशंट बसलेला, पण नजर अंगणात. आबा दर पावलाला खाली बघत होते, डोळ्यांनी पाऊल ठेवत होते, जसं शिकवलं होतं तसं. कडुलिंबाची सावली आली आणि गेली. दोन्ही चपला पायांत होत्या.

"बसा, मालक," डॉक्टर म्हणाले. "आता तुमच्या बाईंचा तो खोकला बघू. नीट बघायचा राहिलाच होता."

पदवीदानाला नांदेडला मी दोघांनाही घेऊन गेले. सभागृहाच्या दाराशी लाल गालिचा अंथरलेला, दारात कोट घातलेली माणसं. आबा थबकले आणि पट्ट्याकडं वाकले. मायनं त्यांचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "औषध काढू नका."

आबा चपला घालून आत आले आणि तिसऱ्या रांगेत बसले.

आबांचा पाय वाचला. दाही बोटं जागेवर आहेत, रोज संध्याकाळी माय ती उजेडात बघते. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि माझे वडील ते बघायला स्वतःच्या दोन पायांवर चालत आले.